जुन्या डिझेल फोर बाय फोरचा केबिनमधला आवाज: आधी मोजा, मग भोकं बुजवा

जुनी बोलेरो, मेजर किंवा जुनी थार घेऊन कोल्हापुरातून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि गाडीतून उतरल्यावरही कान गुणगुणत राहतात. त्यावर बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो ‘सगळीकडे डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारा चिकट थर) मारून टाका’ असा. हे काम उलट्या टोकापासून सुरू करणं झालं. आधी मोजणी, मग रबरं, मग भोकं, आणि शीट सगळ्यात शेवटी.

मोजणी

फोनमधलं डेसिबल ॲप चालेल. त्याचा आकडा अचूक धरू नका, पण एकाच फोनवर आधी आणि नंतर घेतलेल्या आकड्यांतला फरक कामाचा असतो. फोन शेजारी बसलेल्याने धरायचा, कानाच्या उंचीवर, काचेपासून लांब. काचा बंद, ब्लोअर बंद. ए आणि सी अशी दोन वेटिंग (आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांना वजन देण्याच्या पद्धती) मिळत असतील तर दोन्ही लिहून ठेवा. खालच्या पट्टीतला घुमारा ए फारच कमी दाखवतं, सी त्यामानाने खरा दाखवतं.

कागलकडच्या हायवेवर सपाट तुकडा ठरवा, पहाटे रिकाम्या रस्त्यावर जा आणि दरवेळी तिथेच मोजा. एकदा डांबरावर आणि एकदा काँक्रीटवर मोजलेल्या आकड्यांची तुलना होत नाही. आकडे तीन हवेत. पहिला, उभ्या गाडीत हायवेइतकी रेस देऊन. दुसरा, ६० च्या वेगाला टॉप गिअरमध्ये. तिसरा, ६५ ला न्यूट्रल करून वेग ५५ वर येईपर्यंतचा. न्यूट्रल करताना इंजिन बंद करू नका. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही इंजिनवर चालतात.

न्यूट्रलला आकडा ३ डेसिबलने उतरला तर निम्मी ध्वनिऊर्जा इंजिन, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरची होती. जेमतेम १ ने उतरला तर आवाज मुख्यतः टायरचा, वाऱ्याचा किंवा डिफरन्शियलचा (चाकांच्या ॲक्सलवरच्या गिअरपेटीचा) आहे. मड टेरेन (चिखलासाठीचे खोल नक्षीचे) टायर घालून डांबरावर फिरणाऱ्यांनी केबिनवर खर्च करण्याआधी टायरचा विचार करावा.

रबरं

चार सिलिंडरचं इंजिन १८०० आरपीएमला सेकंदाला ६० ठोके देतं. ६० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेपाच मीटरहून जास्त असते, म्हणून बोटभर फोमने तो अडत नाही. तो चेसिसमधून बॉडीत चढतो. इंजिनची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर टेकतं ती रबरं), सायलेन्सरचे रबरी हँगर आणि बॉडी-चेसिसमधले रबरी बुश बघा. तडकलेलं, तेलाने फुगलेलं किंवा लाकडासारखं कडक झालेलं रबर बदला, आणि फाउंडेशन सगळी एकदम बदला.

भोकं: खरं काम इथे आहे

याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं. मिस्त्री बहुधा हा टप्पा गाळतात, कारण त्यात अंग मोडून डॅशबोर्डखाली शिरावं लागतं आणि झालेलं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही.

हिशोब समजून घ्या. पत्र्याच्या क्षेत्रफळापैकी फक्त १ टक्का उघडा राहिला, तरी बाकीचा पत्रा कितीही जाड केलात तरी आवाजाची अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणजे गिअर लिव्हरभोवतीचं फाटकं रबर तसंच ठेवून फ्लोअरवर महागडी शीट लावली, तर पैसे पाण्यात गेले.

भोकं रात्री शोधा. मॅट, सीट आणि लिव्हरची रेक्झिनची कव्हरं काढा. इंजिन बंद ठेवून बोनेटखाली झगझगीत एलईडी लावा, आत बसून अंगावर चादर ओढा आणि पायाकडची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बघा. जिथून उजेड येतो तिथे खडूने खूण करा. मग तोच दिवा गाडीखाली ठेवून गिअरबॉक्सचा बोगदा आणि फ्लोअर तपासा. क्लच आणि ॲक्सिलरेटर केबलची भोकं, हीटरचे पाइप, फ्लोअरचे निघून गेलेले रबरी बूच, आणि हॉर्न किंवा फॉगलॅम्पची वायर ओढायला कुणीतरी पाडलेलं भोक, एवढ्या जागा हमखास सापडतात. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर सायलेन्सरची गळती आधी काढा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि इथे प्रश्न फक्त कानांचा राहत नाही.

वायरींच्या भोकांत मापाचं ग्रोमेट (वायरीभोवतीचं रबरी कडं) बसवा, फट राहिली तर बुटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). आंबट वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर वापरू नका. त्यातलं ॲसेटिक ॲसिड गंज धरवतं. ‘न्यूट्रल क्युअर’, म्हणजे ते ॲसिड न सोडणारं सिलिकॉन मागा. फवारायचा पीयू फोम तर अजिबात नको. आपल्याकडच्या पावसात त्याच्यामागे पाणी अडकतं आणि पत्रा आतून खातं. स्टिअरिंग कॉलमच्या भोकाला सीलंट लावायचंच नाही, तिथे त्याचं मूळ रबरच हवं.

सगळ्यात चिवट जागा फोर बाय फोरच्या लिव्हरची. वरचं रेक्झिन धडधाकट दिसतं म्हणून फसू नका. आवाज अडवतं ते त्याखालचं, पट्टीने पत्र्यावर आवळलेलं जाड रबर. नवं रबर ताणून बसवलं तर ते लिव्हरला मागे खेचतं आणि खडबडीत रस्त्यावर गिअर निसटतो. म्हणून पट्टीचे स्क्रू हाताने नुसते धरवा, टू हाय, फोर हाय, फोर लो (या लिव्हरच्या स्थिती) आणि गिअरबॉक्सचा प्रत्येक गिअर टाकून बघा. टोकाच्या स्थितीतही रबराला एक सैल घडी राहिली पाहिजे. तेवढं दिसलं की मगच आवळा.

शीट

पत्रा बोटाने ठोका. ढणढण वाजणारा भागच शीट मागतो, आणि त्याचाही मधला पाव ते तिसरा हिस्सा झाकला की पुरे. बुटाइलची घ्या. स्वस्त डांबरी शीट उन्हात वास मारते आणि छतावरून सुटते. गंज घासून रेड ऑक्साइड मारा, पत्रा कोरडा करा, रोलरने शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. मॅटखाली नमदा किंवा तागाचं काही घालू नका, ते पाणी पितं. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम घाला.

दारांचं बीडिंग (कडेचं रबर) कागदाची पट्टी अडकवून तपासा. दार बंद असताना पट्टी सहज सरकली तर बीडिंग बदला.

मग त्याच तुकड्यावर, त्याच फोनने पुन्हा मोजा. ३ ते ५ डेसिबल उतरले तर काम चांगलं झालं. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, तेवढं वचन जुन्या डिझेलच्या बाबतीत कुणी देत असेल तर पैसे देऊ नका. पहिल्या जोरदार पावसानंतर एकदा मॅट उचलून पत्रा हाताने चाचपा. ओल लागली तर एखादं ग्रोमेट नीट बसलेलं नाही.