पोस्टिंगमध्ये आरोग्य-समता कशी शिकवावी

आरोग्य-समतेवर, म्हणजे परिस्थिती कशीही असो, प्रत्येकाला निरोगी राहायची सारखी संधी मिळावी या विषयावर, वेगळं लेक्चर ठेवायचा विचार असेल, तर आधी तो सोडा. मेडिकलची मुलं नोट्स घेतात, परीक्षेत व्याख्या लिहितात आणि दुसऱ्या दिवशी राउंडला सांगतात, "मॅडम, पेशंट औषधं घेत नाही, समुपदेशन केलं." हा विषय शिकवायचा तो पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डात आणि ओपीडीत. तिथेही पहिला हात घालायचा केस प्रेझेंटेशनला.

रुग्णाचा सामाजिक इतिहास म्हणून 'तंबाखू नाही, दारू नाही' एवढं उरकून पुढे जाऊ देऊ नका. माझ्या युनिटमध्ये दोन गोष्टी सांगितल्याशिवाय तपासणीकडे वळता येत नाही. त्रास सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडे पोचेपर्यंत काय काय घडलं? आणि लिहून दिलेलं औषध घरी नेमकं कुठे अडतं? 'उशिरा आला' हे मी ऐकून घेत नाही. पायाला जखम झालेला मधुमेही कामावरून सुटतो तेव्हा दवाखान्याला कुलूप लागलेलं असतं. रजा घ्यावी तर पगार जातो. ही माहितीही हिस्टरीच आहे.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं तर उपचारच बदलतात. रक्तदाबाच्या गोळ्या 'विसरणारी' एक रुग्ण होती. विद्यार्थिनीने बसून विचारलं तेव्हा कळलं, बाकीच्या गोळ्या ती चोख घेत होती. फक्त लघवी वाढवणारी टाळत होती. दिवसभर उभ्याचं काम आणि जवळपास स्वच्छतागृह नाही. तिला समुपदेशन काय करणार? आम्ही गोळी बदलली. इन्सुलिनचंही तसंच. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, पण वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं उन्हापासून, उष्णतेपासून जपली तर सुमारे चार आठवडे बाहेर टिकतात. घरी फ्रीज नसेल तर एका वेळी एकच बाटली द्यायची, हे मुलांना सुचायला हवं. म्हणून माझा नियम आहे: सामाजिक इतिहासामुळे उपचारातली निदान एक ओळ बदलली पाहिजे. बदलली नाही, तर का नाही ते सांगा.

मग मुलांना रुग्णाच्या वाटेवर पाठवा. रुग्णाची परवानगी घेऊन, एप्रन काढून, नोंदणीच्या खिडकीपासून प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथून औषधांच्या रांगेपर्यंत सोबत जायचं. कुठे किती वेळ गेला, पाटी वाचता न येणाऱ्याने कुणाला विचारलं, कोण कुणावर खेकसलं, ते टिपायचं. 1971 मध्ये ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने 'व्यस्त सेवेचा नियम' मांडला: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी. रांगेत उभं राहून आल्यावर तो समजावून सांगावा लागत नाही.

घरभेटीत मात्र जपून. एकेका घरी जास्तीत जास्त दोन विद्यार्थी, फोटो अजिबात नाहीत, आणि ज्यांना आपण पुन्हा भेटणार आहोत अशाच घरी जायचं. गरिबी बघायला काढलेली सहल कुणालाच नको. भेटीची सूत्रं वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीकडे द्या, आणि ती वाट दाखवायला नाही, शिकवायला आली आहे हे मुलांना आधीच सांगा. तिला मानधन द्या. मूल्यमापनातले काही गुण तिच्या हातात द्या. हे ऐकून आमच्या बैठकीत भुवया उंचावल्या होत्या. पण कोणता विद्यार्थी ऐकतो आणि कोणता नुसता विचारतो, हे तिच्याइतकं मला कळत नाही.

वर्गातच काही मुलं त्याच परिस्थितीतून आलेली असतात. चर्चेत त्यांच्याकडे वळून 'तू सांग' म्हणू नका. बोलायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

विषमता फक्त रुग्णाच्या घरात असते असा समज व्हायला नको, म्हणून एक दिवस आपल्याच उपकरणांसाठी ठेवा. पल्स ऑक्सिमीटर घ्या. 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींतून दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्रावर ठीक दिसण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट होतं. मूत्रपिंडाचं काम मोजायच्या एका प्रचलित सूत्रातही वंशाचा गुणक होता, म्हणजे रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवलं जायचं. 2021 च्या आवृत्तीत तो काढला. आकडा छापून आला की निःपक्ष असतोच असं नाही, हे मुलांना इथे पटतं.

"हे डॉक्टरचं काम आहे का?" असं कुणीतरी विचारतंच. त्याला रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरचं नाव सांगा. 1848 मध्ये टायफसच्या साथीची पाहणी करायला त्याला तेव्हाच्या प्रशियातल्या अप्पर सिलेशियात पाठवलं, तेव्हा त्याचं वय 26 होतं. अहवालात त्याने इलाज म्हणून शिक्षण, स्वातंत्र्य आणि लोकशाही मागितली. आपल्या इंटर्नकडून मी तेवढं मागत नाही.

गुणांचं म्हणाल तर चिंतनपर निबंध लिहून घेऊ नका. हुशार मुलं दोन पोस्टिंगमध्ये सुंदर भाषेत हळहळायला शिकतात. त्याऐवजी प्रत्येक गटाला वॉर्डातली एक अडचण सोडवायला द्या: डिस्चार्ज कार्डावर चित्रं घालणं, दोन विभागांच्या तपासण्या एकाच दिवशी बसवणं, दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळीला एकदा घ्यायचा पर्याय शोधणं. पोस्टिंग संपताना अर्धवट राहिलेल्या कामांची यादी पुढच्या बॅचच्या हातात द्यायची, आणि त्या बॅचच्या पहिल्या राउंडची सुरुवात तिथूनच करायची.