रोबोवर मोशन सेन्सर कुठे आणि कसा बसवावा

दोन चाकांचा रोबो सरळ चालता चालता एका बाजूला ओढू लागला की बहुतेक जण आधी कोड उघडतात. माझा आग्रह आहे की आधी सेन्सर कसा बसवलाय ते बघा. एमपीयू-६०५० या स्वस्त चिपमध्ये जायरोस्कोप आणि त्वरण (वेगातला बदल) मोजणारा ॲक्सेलरोमीटर दोन्ही असतात. मात्र ती चुकीच्या जागी बसली, तर फिल्टर (आकड्यांतली थरथर गाळणारी सोय) लावूनही आकडे पुरते सावरत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची जागा. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो, त्यामुळे न लवचणाऱ्या चेसिसवर (रोबोच्या सांगाड्यावर) तो कुठेही चालतो. ॲक्सेलरोमीटरचं तसं नाही. रोबो जागच्या जागी फिरताना मध्यापासून दूर असलेल्या सेन्सरला केंद्राकडे त्वरण मिळतं: कोनीय वेगाचा वर्ग गुणिले अंतर. सेकंदाला एक फेरा आणि १० सेंमी अंतर धरलं, तर हे त्वरण जवळपास ०.४ जी होतं (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). रोबो सपाट जमिनीवर असतो, पण कल गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून काढतात, त्यामुळे हिशेब मात्र तो सुमारे २२ अंश कललाय असं सांगतो! म्हणून सेन्सर फिरण्याच्या मध्यावर, म्हणजे दोन चाकांच्या आसाच्या मधोमध बसवा. मागे कॅस्टर (आधाराचं मोकळं फिरणारं चाक) असेल तर हा बिंदू चेसिसच्या पाटीच्या मध्यावर नसतो, तेव्हा पट्टीने मोजूनच खूण करा. तिथे बॅटरी आडवी येत असेल तर सेन्सर आसाच्या बरोबर वर न्या. तेही जमलं नाही, तर अंतर मोजून तेवढं त्वरण कोडमध्ये वजा करा.

आता दिशा. मॉड्यूलवर (चिप बसवलेल्या छोट्या बोर्डावर) छापलेला एक्स बाण पुढे, झेड वर. ५ अंशांच्या तिरकेपणाने फिरण्याच्या मापात अर्ध्या टक्क्याहून कमी चूक येते, पण गुरुत्वाकर्षणाचा ०.०८७ जी इतका भाग आडव्या अक्षावर उतरतो. त्यावरून वेग काढलात, तर उभ्या रोबोला एका सेकंदात ०.८५ मी/से वेग चिकटतो.

ॲक्रिलिकच्या पाटीचा मोकळा भाग मोटारींबरोबर ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो. तिथे सेन्सर नको. आधाराच्या खांबांजवळ नायलॉन स्पेसरवर घट्ट बसवा. नेहमीच्या मॉड्यूलची दोन्ही भोकं एकाच कडेला असतात, म्हणून दुसऱ्या कडेखाली पातळ, टणक डबल टेप लावा. जाड स्पंज टाळा: मॉड्यूल इतकं हलकं असतं की वायरींच्या ओढीनेही ते हलतं. उरलेली थरथर चिपमधल्या फिल्टरवर सोडा, ४४ हर्ट्झपासून सुरुवात करा. ५ हर्ट्झवर आकडे शांत दिसतात, पण सुमारे १९ मिलिसेकंद उशिरा येतात. तोल सांभाळणाऱ्या रोबोला तो उशीर परवडत नाही.

सेन्सरच्या वायरी आखूड आणि मोटारीच्या वायरींपासून लांब ठेवा. मोटार ड्रायव्हरची ऊबही टाळा, कारण तापमानाबरोबर जायरोचं शून्य, म्हणजे स्थिर असताना येणारा आकडा, सरकतं. वेगळं मॅग्नेटोमीटर (होकायंत्रासारखं चुंबकीय क्षेत्र मोजणारं) असेल तर ते मोटारींच्या चुंबकांपासून दूर, उंच दांडीवर, पितळी किंवा नायलॉनच्या स्क्रूंनी बसवा.

शेवटी तपासणी. ±२ जी पल्ल्यावर सपाट, स्थिर रोबोच्या ॲक्सेलरोमीटरचा झेडचा कच्चा आकडा १६३८४ च्या (म्हणजे १ जीच्या) आसपास यायला हवा आणि एक्स-वाय शून्याजवळ. चाकं उचलून मोटारी चालवा. आकडे थोडे नाचतील, पण सरासरी सरकू नये. मग जायरोचं शून्य घ्या आणि रोबोची बाजू भिंतीला टेकवून एक पूर्ण फेरा द्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडे ३६० अंशांमध्ये सारखीच तूट आली तर कच्च्या आकड्याचे अंश करणारा गुणक बदला. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी आली तर शून्य पुन्हा घ्या.