पोरकं वासरू हातावर वाढवताय? या चुका टाळा

आटपाडीकडची आमची खिलार गाय व्याली आणि वार (गर्भाची पिशवी) पडायच्या आतच गेली. मागे राहिला गोऱ्हा, चार पायांवर उभं राहायला धडपडणारा. घरात रडारड चाललेली, त्यात दोन तास कुणाला चिकाची, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाची, आठवणच झाली नाही.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. ती चिकातूनच मिळतात, आणि आतडं ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकतं ते पहिल्या काही तासांतच. दिवस उलटला की ते दार बंद. म्हणून 25 किलोच्या वासराला पहिल्या 6 तासांत अडीच लिटरच्या आसपास चीक गेलाच पाहिजे, पहिली पाजणी तर दोन तासांच्या आत. आई नसेल तर गावात नुकत्याच व्यालेल्या गाईचा पहिल्या धारेचा चीक मागा, तोही खरवसाच्या पातेल्यात जायच्या आधी. गोठवलेला असेल तर बाटली कोमट पाण्यात बुडवून वितळवा. गॅसवर ठेवलात तर त्याचा खरवसच होईल, वासराच्या उपयोगाचं काही उरणार नाही. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं तेही त्याच दिवशी.

दूध पाजताना

आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी वासरू मांडीवर उताणं घेऊन बाटली लावली, तान्ह्या बाळासारखी. तसं दूध फुप्फुसात जातं. वासरू पायांवर उभं हवं, मान किंचित वर, निपल आईच्या सडाच्या उंचीला. निपलचं भोक मोठं करू नका. बाटली उलटी धरली की दूध थेंब थेंब गळावं, धार लागू नये. गुरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. चोखताना अन्ननलिकेपुढची खोबण मिटते आणि दूध सरळ चौथ्या पोटात जातं. घाईनं ओतलेलं दूध पहिल्या पोटात पडून तिथं आंबतं.

दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध, तीन वेळांत, ठरलेल्या वेळी, अंगाच्या उबेचं. आज गाईचं, उद्या म्हशीचं, परवा डेअरीतलं, असं करू नका. म्हशीच्या दुधात चरबी जास्त, एकदम बदललं की हगवण ठरलेली. पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर हवं. दूध मिळतंय म्हणून पाणी नको, हा समज बऱ्याच गोठ्यांत आहे.

हगवण लागली तर

दूध तोडू नका, उपाशी वासरू लवकर खचतं. दुधाच्या दोन वेळांच्या मध्ये, वेगळ्यानं, क्षारांचं पाणी द्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, चोखायची इच्छाच गेली, तर डॉक्टरला बोलवा. सकाळची वाट पाहू नका.

एकटं ठेवण्याची चूक

आमची खरी फसगत इथं झाली. पोट भरलं, अंग धरलं, म्हणून आम्ही निर्धास्त. पण गोऱ्ह्याला गुरं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. माणूस दिसला की पळत यायचा, पोरं कपाळाला हात लावून ढकलायची, तो ढुशी द्यायचा, सगळे हसायचे. हाच खेळ तीनशे किलोचा बैल खेळला तर बरगड्या मोडतात. कपाळावर हात नको, अंग खाजवायचं तर मानेखाली. पाजून झालं की बाजूला व्हा.

सोबत सगळ्यात चांगली ती त्याच वयाच्या वासराची. बरोबरीचं वासरू असलं की एकाचं बघून दुसरं लवकर चारा-पेंड चघळायला लागतं. पण बाजारातून आणलेलं थेट शेजारी बांधू नका. 2022 साली लम्पीनं, त्या अंगावर गाठी येणाऱ्या साथीच्या रोगानं, आपल्याकडे काय केलं ते आठवा. नवीन जनावर तीन आठवडे लांब बांधा, अंगावर गाठी, गोचीड, नाकातून शेंबूड बघा, मगच एकत्र करा. दोघं एकमेकांचे कान, बेंबी चोखायला लागली तर समजा चोखायची भूक भागलेली नाही. दूध संपल्यावर निपल आणखी दहा मिनिटं तोंडात राहू द्या, मग मूठभर पेंड, आणि अर्धा तास दोघांना वेगळं बांधा.

वासरू मिळालंच नाही तर मोठी, शांत स्वभावाची गाय. पहिले काही दिवस दोघांत कूड (काठ्यांचं कुंपण) असू द्या, नुसतं दिसू दे, हुंगू दे. अनोळखी गाय शिंग मारते, आणि पोरक्या वासराला बाजूला सरकायचंही कळत नाही.

आम्हाला शेवटी चुलत्यांची शेळी मिळाली. दुसऱ्या रात्रीपासून गोऱ्हा तिला टेकून झोपायला लागला, हंबरणं थांबलं. ती चरायला निघाली की हाही मागोमाग, आणि त्यातूनच गवताला तोंड लावायला शिकला. एवढंच, की गोऱ्ह्याची पेंड उंच गव्हाणीत, शेळीचं तोंड पोचणार नाही अशी ठेवा. आमचीनं एकदा अख्खं घमेलं संपवलं आणि रात्रभर पोट फुगून पडली होती.