शिशाच्या वजनांसाठी साचा घेताना
हिडकल धरणाच्या पाण्यात मासेमारीच्या गळाला लावायची शिशाची वजनं घरी ओतायची तर साचा ॲल्युमिनियमचा, दोन भागांचा घ्या. बेळगावात उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, करून घेतलात तरी पैसे देण्याआधी दोन्ही भाग मिटून उजेडासमोर धरा. फट दिसली की वजनाच्या कडेला शिशाचा पापुद्रा येणारच. जुळणीच्या पिना पोलादी हव्यात. ढिल्या असल्या तर दोन बाजू सरकलेल्या निघतात. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. साचा गार असला की वजनावर सुरकुत्या पडतात, म्हणून आधी तापवा, पोकळीला दिव्याची काजळी धरा. पहिली दोन-तीन तशीही वाकडीच, परत शिसं वितळवायच्या भांड्यात टाका. ओलसर साच्यात मात्र कधीच ओतू नका, वाफेनं शिसं उसळून तोंडावर येतं. ओतकाम उघड्यावर, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला नाही.