एनसीव्हीचा रिपोर्ट हातात, न्यूरोलॉजिस्टची तारीख लांब: तोवर तो कसा वाचावा

एनसीव्ही म्हणजे नसांतून विजेचा संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी. तिच्या रिपोर्टमधली 'इम्प्रेशन'ची, म्हणजे निष्कर्षाची, ओळ आधी वाचू नका. तिथे 'ॲक्सोनल पॉलीन्यूरोपथी' (अनेक नसांचे आतले तंतू झिजणे) दिसले की माणूस मोबाईल उघडतो आणि झोप घालवून बसतो. नसा कशा बिघडल्या एवढेच त्या ओळीत असते. का बिघडल्या, ते नसते.

थेट तक्त्यांकडे या. मीडियन, अल्नर या हाताच्या नसा. पेरोनियल, टिबियल, सुरल पायाच्या. जिथे मुंग्या येतात तिथल्या नसेवर पेन्सिलीने खूण करा.

आता आकडे. बहुतेकांचे घोडे इथेच अडते, माझेही अडले होते. चाचणीच्या नावातच वेग आहे, म्हणून सगळे वेगाच्या रकान्यावर झडप घालतात. हातात साधारण ५० आणि पायात ४० मीटर प्रतिसेकंदाच्या वर आकडा दिसला, की नस ठणठणीत ठरवून मोकळे! अहो, हा वेग त्या नसेतल्या सर्वांत जलद तंतूंचा असतो. बाकीचे निम्मे तंतू गेले तरी तो चांगला येऊ शकतो. किती तंतू काम करताहेत याचा अंदाज ॲम्प्लिट्यूडवरून, म्हणजे प्रतिसादाच्या लहरीच्या उंचीवरून येतो. ते घसरलेले आणि वेग जवळपास ठीक, तर बहुधा आतला तंतूच झिजतोय. वेग खूपच कमी, लेटन्सी (प्रतिसाद यायला लागणारा वेळ) लांबलेली, तर संशय वरच्या मायलिनच्या आवरणावर. उजवी-डावी बाजूही ताडून पाहा. एकीकडे ॲम्प्लिट्यूड निम्म्याहून कमी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. मात्र मोटरचे (स्नायू हलवणाऱ्या तंतूंचे) ॲम्प्लिट्यूडचे आकडे मिलिव्होल्टमध्ये आणि सेन्सरीचे (संवेदना नेणाऱ्या तंतूंचे) मायक्रोव्होल्टमध्ये असतात, त्यांची आपसात तुलना करू नका.

आणि तापमान बघा. एसीच्या खोलीत हात गार पडला की दर अंशामागे वेग दीड ते अडीच मीटरने घटतो. हाताची त्वचा किमान ३२ अंश हवी. रिपोर्टवर तापमानाची नोंदच नसेल, तर किंचित कमी वेगावरून मी तरी काही ठरवणार नाही. साठी उलटलेल्यांत सुरलचा प्रतिसाद कमी किंवा गायब असला, तरी तेवढ्यावरून घाबरायचे कारण नाही.

रिपोर्ट नॉर्मल, पण तळवे जळताहेत? हा मनाचा खेळ आहे असे सांगणाऱ्या नातेवाइकांना गप्प करा. वेदना नेणारे बारीक तंतू या चाचणीत मोजलेच जात नाहीत. स्नायूत सुई घालून करतात ती चाचणी (ईएमजी) नस दाबली गेल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत झाली असेल, तर तीही खोटा दिलासा देऊ शकते.

न्यूरोलॉजिस्टची तारीख येईतोवर एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), टीएसएच (थायरॉइड) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायचे का, हे फॅमिली डॉक्टरांना विचारा. बी-१२चे इंजेक्शन रक्त दिल्यानंतरच. आधी टोचून घेतले तर खरी पातळी कळत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर किती वर्षांपासून, ते लिहून ठेवा, त्याने बी-१२ घटू शकते.

पायातला अशक्तपणा दिवसागणिक वर चढू लागला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, लघवीवरचा ताबा गेला, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, रिपोर्ट सोबत घेऊन.