जुन्या अमेरिकन फेडरल जजचं करिअर कसं शोधायचं

आधी फेडरल ज्युडिशियल सेंटर या सरकारी संस्थेच्या साईटवर जा, फुकट आहे, 1789 पासूनचे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टांचे, जज तिथे सापडतात. नाव टाकलं की जन्म, शिक्षण, कोणी नेमलं, सिनेटने कधी मंजूर केलं सगळं येतं. पण वरून खाली वाचत बसू नका, आधी नोकरी कशी संपली ते बघा. मृत्यू, राजीनामा, कोर्टच बंद झालं की महाभियोग, खरी गोष्ट तिथेच असते.

उदाहरणाला न्यू हॅम्पशायरचे जॉन पिकरिंग घ्या. हार्वर्डला शिकलेले, राज्याचे चीफ जस्टिस, 1795 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने त्यांना जिल्हा कोर्टाचा फेडरल जज केलं. आणि शेवट काय तर 1804 ला सिनेटने दोषी ठरवून काढलं, असा गेलेला पहिलाच फेडरल जज.

आता मधली वर्षं भरायला त्या काळचे कायदे शेजारी उघडून ठेवा, ही स्टेप लोक गाळतात आणि मग काहीच कळत नाही. पिकरिंग आजारी पडले, मानसिक तोल गेला, दारूही होती, कोर्टाचं काम अडलं. 1801 च्या कायद्याने नवीन सर्किट जज (जिल्हा कोर्टाच्या वरच्या कोर्टाचे) आले आणि त्यांच्यातले जेरेमाया स्मिथ पिकरिंगच्या जागी काम बघायला लागले, पण 1802 ला राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या पार्टीने तो कायदाच रद्द केला, स्मिथची पोस्ट गेली आणि कोर्ट परत पिकरिंगच्या हातात. मग एलायझा नावाच्या जहाजाच्या जप्तीच्या केसमध्ये त्यांनी जो गोंधळ घातला त्यावरून 1803 ला महाभियोग लागला. मुलगा सांगत होता की वडील भ्रमिष्ट आहेत, तरी 19 विरुद्ध 7 मतांनी गेले, आणि मतं पक्ष बघूनच पडली. आजारी माणसाला गुन्हेगार ठरवलं हे मला तरी पटत नाही.

मग राजीनामा का नाही दिला? इथे पगार आणि पेन्शनचे नियम बघायचे. फेडरल जजला पेन्शन 1869 पर्यंत नव्हतीच, सोडलं की पगार बंद, त्यामुळे तेव्हाचा एखादा जज म्हातारपणीही खुर्चीवर दिसला की लगेच हावरट म्हणू नका.

फेडरल रेकॉर्ड संपलं तरी थांबू नका, राज्याचं रेकॉर्ड पण चाळा. स्मिथ फेडरल रेकॉर्डमध्ये 1802 ला संपलेले दिसतील पण ते त्यानंतर न्यू हॅम्पशायरचे चीफ जस्टिस झाले, आणि 1809 ला गव्हर्नर.