गाळात रुतलेली वॉटर स्कूटर: शनिवारी निघण्याआधी

शनिवारी पहाटे चारला इंदूरच्या रामबागेतून निघायचंय. मंडळींनी शुक्रवारी रात्रीच हे वाचून ठेवा, गाडीत बसल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

इंदिरा सागर धरणाच्या काठी, हनुवंतियाच्या पलीकडे आडबाजूला बांधून ठेवलेली आपली स्कूटर आता पाण्यात नाही, गाळावर बसलीय. समुद्र असता तर काही तासांत भरतीनं तिला आपोआप उचललं असतं. इंदिरा सागरला भरती नाही. धरण पूर्ण भरलं की पातळी २६२.१३ मीटरवर असते. मग विजेसाठी आणि कालव्यांसाठी पाणी सुटू लागतं, ते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत उतरत राहतं. आपल्या बाजूचा काठ अगदी सपाट आहे. पन्नास मीटरला एक मीटर उतार धरला, तरी पाणी वीसच सेंटिमीटर खाली गेलं की काठ दहा मीटर लांब पळतो. म्हणून ‘पुढच्या रविवारी बघू’ हा विषय बंद.

सगळ्यात आधी किल-स्विचची दोरी, जी लावल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. ती माझ्या खिशात राहील, मागू नका. रुतलेली गाडी दिसली की प्रत्येकाचा अंगठा हिरव्या बटणाकडेच जातो, ‘जरा स्टार्ट करून बघू ना भिया!’ ही गाडी खालच्या जाळीतून पाणी ओढून मागे फेकते. खाली पाणी नसेल तर ती गाळ, खडे आणि शिंपले ओढते. मग इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या पंख्याची, पाती बोथट होतात, भोवतालच्या कड्यावर चरे पडतात. आपली यामाहा आहे, तिचं इंजिन बाहेरच्याच पाण्यावर थंड होतं, म्हणजे तो गाळ थंडाव्याच्या नळ्यांतही जाणार. पोटाखाली निदान तीन फूट पाणी येईपर्यंत इंजिन मेलेलं आहे असं समजा.

सियागंज बाजारातून आणायचं सामान थोडंच आहे, पण बदली वस्तू चालणार नाही. हाताने चालवायचं विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) एक टनाचं. दोर नायलॉनचा नको. तो ताणतो आणि तुटला तर चाबकासारखा उलटतो. कमी ताणणारा पॉलिएस्टरचा घ्या, साठ मीटर. ट्रकच्या जुन्या ट्यूब चार, अर्धवट हवा भरलेल्या. गाडी त्यांच्यावरून घरंगळते आणि बुडाला ओरखडा येत नाही. प्लायवूडचे दोन फुटी तुकडे आठ-दहा, कारण त्यांच्याशिवाय त्या काळ्या मातीत उभंच राहता येत नाही. दोन फावडी, दोन बादल्या, एक लांब बांबू. गमबूट कुणी आणू नका, पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो. जुने कॅनव्हासचे बूट घट्ट बांधा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. शेव-परमल कुणीतरी आणेलच, ते सांगायला नको.

पोचल्यावर लगेच गाडीकडे धावू नका. आधी बांबू खुपसत वाट शोधा. गुडघ्याच्या वर जात असेल तर ती वाट सोडा. पाणी उतरलेल्या भागात झाडांचे खुंट आणि जुन्या भिंतींचे दगड उघडे पडतात, काही गाळाखाली लपलेले असतात. गाडी ज्या रेषेवरून सरकणार ती रेषा चाचपून घ्या.

मग वजन कमी करा. नुसती गाडीच तीनशे किलोंच्या वर आहे, आणि पोटात शंभर लिटर पाणी साचलं असेल तर आणखी शंभर किलो. मागचा भाग थोडा मोकळा झाला की दोन्ही ड्रेन प्लग (पाणी सोडायची बुचं) काढून पाणी सोडून द्या. काढलेले प्लग दोरीने हँडललाच बांधा. मागच्या वर्षी ते मी खिशात ठेवले होते. गाडी तरंगली, टाळ्या वाजल्या, आणि पाच मिनिटांत सीटपर्यंत पाण्यात गेली.

खरं काम इथून पुढे आहे. ओल्या काळ्या मातीत बूड चिकटून बसतं, खाली हवा शिरत नाही. नुसतं ओढलं तर गाडी हलत नाही, पुढची कडी तेवढी उपटून येते. दोन्ही बाजूंनी बुडालगत चर खणा, त्यात बादल्यांनी पाणी ओता, आणि चौघांनी मिळून गाडी डावी-उजवीकडे झुलवा. पचक असा आवाज आला की पकड सुटली. लगेच खाली ट्यूब सरकवा. याला तास लागला तरी लागू द्या.

गावातले दादा ट्रॅक्टर घेऊन येतीलच, माणसं मायाळू आहेत. नाही म्हणू नका, पण त्या ट्रॅक्टरला ओढायला लावू नका. कडक जमिनीवर ब्रेक लावून उभा करा आणि विंच त्याला बांधा, इतका चांगला खुंटा दुसरा मिळायचा नाही. पाणी दहा-बारा मीटरच्या आत असेल तर ट्यूबवरून ढकलत खाली नेऊ. त्याहून लांब असेल तर वर ओढून ट्रेलरवर घेऊ आणि बोट क्लबच्या माणसांना विचारून त्यांच्या उतारावरून सोडू. पुढून ओढताना नाकाची कडी, मागून ओढताना मागच्या दोन्ही कड्यांना व्ही आकारात दोर. हँडल, पायरी, मागचं नोझल यांना दोर लावायचा नाही. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही.

ट्रेलरने सोडायची वेळ आली तर घाटातून तापून आलेली चाकं तशीच पाण्यात घालू नका. बेअरिंगमधली गरम हवा गार पाण्यात एकदम आकसते आणि पाणी आत ओढून घेते. अर्धा तास थांबा, चहा घ्या.

तरंगल्यावर कंबरभर पाण्यात न्या. प्लग बसलेत ना, हाताने बघा. गाडी जोरात हलवा म्हणजे जाळीतले खडे गळतील. सीट उघडून पाच-दहा मिनिटं वारा लागू द्या, पेट्रोलचा वास आला तर पुढे काहीच करायचं नाही. तेलाची काडी काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर इंजिनात पाणी गेलंय, मग स्टार्ट नाही, मेकॅनिक. तेल स्वच्छ असेल तर दोरी देईन.

दुसऱ्या बोटीने ओढून न्यायची झाली तर थंडाव्याच्या पाण्याची नळी चिमटा लावून बंद करा आणि ताशी आठ किलोमीटरच्या आत चला, नाहीतर बंद इंजिनात एक्झॉस्टमधून पाणी शिरतं. चिमटा काढायची चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा.

शेवटी नळाच्या पाण्याने आतला गाळ धुवायचा. आधी इंजिन चालू, मग लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. हा क्रम उलटा झाला तर आपणच इंजिनात पाणी भरतो.

परत बांधताना दोर लांब सोडा, खोल बाजूला नांगर टाका, आणि रोज सकाळी पाणी कुठपर्यंत आलंय ते फोनवर कळवायला गावातला एखादा पोरगा ठरवा. त्याचे महिन्याचे पैसे आधीच द्या.